शीर कापायची म्हणजे

मुलीने संमतीपत्राचा कागद माझ्यापुढे धरला तेव्हा नातू तिच्या मांडीवर झोपलेला होता. सात आठवड्यांचं बाळ. दोन्ही पाय जांघेपासून खालपर्यंत प्लास्टरमध्ये, गुडघ्यात काटकोनात वाकवलेले, आणि त्या पांढऱ्या नळकांड्यांच्या टोकाला दहा गुलाबी बोटं. "बाबा, टेनोटॉमी म्हणजे नेमकं काय?" तिने विचारलं.

मी पस्तीस वर्षं भाषा शिकवली. घरात कुठलाही शब्द अडला की तो माझ्याकडे येतो. त्या दिवशीही मी शब्दाची फोड केली. टेनॉन हा ग्रीक शब्द, म्हणजे कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. टोमी म्हणजे कापणं. कंडरा कापणं, टेनोटॉमी. तिला कंडरा कळेना. "टाचेमागे हाताला लागते ना, ती," मी म्हटलं. "घोडशीर. ती शीर कापायची."

तिने काही उत्तर दिलं नाही. बाळाच्या पाठीवरचा हात फक्त जरा घट्ट झाला. कागदावर सही झाली, आम्ही घरी आलो, आणि तिच्या हाताची ती हालचाल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी चुकीचं काही सांगितलं नव्हतं. कुठल्याही कोशात हाच अर्थ सापडेल. तरी एका आईला मी जे ऐकवलं ते, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या मुलाच्या पायात जे होणार होतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

पहिला घोटाळा 'शीर' या शब्दाचाच. आपण रक्तवाहिनीला शीर म्हणतो, मज्जातंतूलाही शीर म्हणतो आणि कंडरेलाही. कपाळावरची शीर ताठ झाली, मानेची शीर आखडली, शिरेवर शीर चढली. तिन्ही वेळा शरीरातली वस्तू वेगळी, शब्द एकच. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण कुणी 'बाळाची शीर कापणार' म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे रक्ताची धार येते, नाहीतर कायमचा लुळा पडलेला पाय येतो. माझ्या मुलीच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी काय आलं असेल, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

हा गोंधळ फक्त आपल्या भाषेचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्याची किंमत किती मोठी होती हे त्या आठवड्यात वाचताना कळलं. ग्रीक भाषेत 'न्यूरॉन' या शब्दाचा मूळ अर्थ होता कंडरा, धनुष्याची दोरी. तोच शब्द पुढे मज्जातंतूला लागला. पांढऱ्या, चिवट, दोरीसारख्या दिसणाऱ्या या दोन गोष्टींची नावं आणि कामं वैद्यांच्या मनात शतकानुशतकं एकमेकींत मिसळलेली राहिली. प्राचीन काळच्या गॅलनसारख्या अधिकारी वैद्याने बजावून ठेवलं होतं की कंडरेला जखम झाली किंवा तिला टाका घातला, तर झटके येऊन माणूस दगावू शकतो. कंडरेत मज्जातंतू शिरलेला असतो, अशी ती समजूत. मग सुरीने तिला मुद्दाम स्पर्श करण्याचं धाडस कोण करणार? १७५२ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये शरीरशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फॉन हालर यांनी प्राण्यांवर केलेले प्रयोग मांडले आणि सांगितलं की कंडरेला संवेदना नसते. आज आपल्याला ठाऊक आहे की ती पूर्णपणे बधिर नसते, पण त्या विधानाने भीतीचं जुनं कुलूप निघालं. हे वाचताना वाटलं, मीही मुलीला तेच जुनं कुलूप लावून आलो होतो. एका शब्दाने.

आपल्याकडेही शब्द सरकलेच आहेत. सुश्रुतसंहितेत स्नायू म्हणजे बांधणारे पट्टे, नऊशे; कंडरा सोळा; आणि मांसाला पेशी. आज मराठीत स्नायू म्हणजे मांस, पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक, आणि कंडरा कुणाला माहीतच नाही. स्नायूंचं काम सांगताना सुश्रुताने नावेचा दाखला दिला आहे. फळ्या पुष्कळ बांधण्यांनी घट्ट आवळल्या की ती नाव पाण्यावर भार वाहते, तसं हे शरीर. हाड, मांस, शीर, सांधा यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा अधिक घातक, असंही तिथे म्हटलं आहे. कापण्याविषयीची धास्ती तिथेही आहेच.

शस्त्रकर्माचे आठ प्रकार सुश्रुताने मोजले, त्यांत छेदन आणि भेदन वेगळे आहेत. छेदन म्हणजे कापून काढून टाकणं, भेदन म्हणजे चिरणं. टोमी आणि एक्टोमी यांच्यातला फरक जवळजवळ हाच. अपेंडिसेक्टोमीत अपेंडिक्स शरीरातून बाहेर जातं. टेनोटॉमीत बाहेर काहीच जात नाही. तिथे फक्त काप आहे. परिभाषेत टेनोटॉमीला कंडराछेदन म्हणता येईल, पण माझ्या कानाला त्यात काढून टाकल्याचा ध्वनी येतो. ओळखीचं नसलं तरी कंडराभेदन मला जास्त खरं वाटतं. टोमी या प्रत्ययाचं कूळ मोठं आहे. ॲटम म्हणजे ज्याला कापता येत नाही ते. ॲनाटॉमी म्हणजे कापून पाहणं. ग्रंथाच्या भागाला ग्रीकांनी 'टोमोस' म्हटलं, कापलेला तुकडा. आपण त्याला 'खंड' म्हणतो, अर्थ तोच.

आणि टेनॉन? ताणणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो आला, आणि ते क्रियापद संस्कृतातल्या तन् या धातूचं भावंड आहे. तंतू, तान, ताण, तणाव, सगळे एका घरातले. मुलीला 'शीर कापायची' म्हणण्याऐवजी 'ताण कापायचा' म्हटलं असतं, तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते तितकंच बरोबर ठरलं असतं, आणि बाळाच्या पायापुरतं तर अधिक बरोबर.

कारण अडचण ताणाचीच होती. जन्मतः दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे बघणारे, टाचा वर खेचलेल्या. क्लबफुट. साधारण हजारात एका बाळाला असतं, त्यातल्या निम्म्यांना दोन्ही पायांत. जन्मानंतर दुसऱ्याच आठवड्यात प्लास्टर सुरू झालं. दर आठवड्याला डॉक्टर जुनं काढत, पाऊल हातात घेऊन हळूहळू बाहेर वळवत, जितकं येईल तितकंच, आणि तिथे नवं प्लास्टर बांधत. मी ते हात पाहिले आहेत. अंगठा घोट्याच्या पुढे एका हाडावर टेकवलेला, दुसऱ्या हाताने सगळं पाऊल त्या हाडाभोवती फिरवायचं. जोर असा दिसतच नसे. पाच प्लास्टरांत पाऊल आतून बाहेर आलं. टाच मात्र खाली येईना.

ती का येत नाही, याचं कारण दोरीच्या विणीत आहे. पावलातले बाकीचे बंध लहान बाळात ओल्या सुतासारखे ऐकतात. घोडशीर ही शरीरातली सगळ्यांत जाड आणि बळकट कंडरा. धावताना माणसाच्या वजनाच्या कित्येक पट ओढ ती सोसते. कोलॅजन या चिवट प्रथिनाचे जाड, घट्ट पीळ एकमेकांना लागून एकाच दिशेने रचलेले. ते ताणले जाण्यासाठी घडलेलेच नाहीत. म्हणून टाचेची दोरी ढिली न करता पाऊल बळाने वर दाबलं, तर दोरी तशीच राहते आणि पाऊल मधेच मोडल्यासारखं वाकतं. तळवा झुलत्या खुर्चीच्या पायासारखा फुगीर होतो. टाच वरच अडकलेली, आणि बाहेरून मात्र पाय सरळ झाल्याचा भास. बहुतेक बाळांना या टप्प्यावर टेनोटॉमी लागते ती यासाठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, "काल मी तुला अर्धंच सांगितलं." ती बाळाचं प्लास्टर ओलं होऊ नये म्हणून कापडाने त्याचं अंग पुसत होती. मी सांगितलं की ती रक्ताची शीर नाही, मज्जातंतूही नाही, दोरी आहे. आखूड पडलेली दोरी. कापल्यावर दोन टोकं सरकतात, मधे फट पडते, आणि त्या फटीत शरीर नवी दोरी विणतं. जेवढी फट, तेवढी लांबी वाढते. तिने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "तो उभा राहील तेव्हा तिथे दोरी असेल ना?"

असेल, असं मी म्हणालो. म्हणताना माझ्या मागे दोनशेहून अधिक वर्षांची माणसं उभी होती, हे तिला सांगितलं नाही.

त्यांतला पहिला जॉन हंटर. १७६७ मध्ये या स्कॉटिश शल्यविशारदाची स्वतःची घोडशीर तुटली. मग त्याने कुत्र्यांच्या कंडरा कातडीखालून कापून, वेगवेगळ्या दिवसांनी त्या उघडून पाहिल्या, आणि फट कशी भरत जाते ते नोंदवलं. कंडरा जुळते, हे त्याने दाखवलं. १८१६ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरात देल्पेश यांनी एका मुलाच्या वाकड्या पायाची घोडशीर कातडीखालून कापली. जखम चिघळली, पू झाला. पाय पुढे सुधारला तरी टीका एवढी झाली की त्यांनी ती शस्त्रक्रिया पुन्हा केली नाही. १८३१ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये शल्यविशारद श्ट्रोमायर यांनी ती पुन्हा हाती घेतली. अरुंद पात्याची बारीक सुरी, कातडीला टोचल्याएवढं छिद्र, आत दोरी कापायची आणि हवा न लागू देता बाहेर यायचं. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती; ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ चं. जंतूंची कल्पना नव्हती; जखमा जंतुरहित ठेवण्याविषयीचे लिस्टरचे लेख १८६७ चे. त्या काळात मोठी जखम म्हणजे बहुधा पू, आणि छोटी जखम म्हणजे जगण्याची संधी. श्ट्रोमायर यांनी आणखी एक केलं, जे मला सुरीइतकंच महत्त्वाचं वाटतं. कापल्यावर त्यांनी पाय लगेच ओढला नाही. काही दिवस थांबले, मग यंत्रात बांधून थोडा थोडा वळवला.

त्यांच्याकडे १८३६ मध्ये एक तरुण इंग्रज डॉक्टर आला, विल्यम जॉन लिटल. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय वाकडा झालेला. आपल्या पायासाठीच तो या विषयात शिरला होता, आणि मायदेशातल्या जाणत्या शल्यविशारदांनी त्याला या शस्त्रक्रियेपासून परावृत्त केलं होतं. श्ट्रोमायर यांनी त्याची घोडशीर कापली, पाय सरळ झाला. लिटलने तिथेच राहून ती विद्या शिकून घेतली, १८३७ मध्ये बर्लिनला याच विषयावर प्रबंध दिला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये स्वतः पहिली टेनोटॉमी केली. पुढे तिथे त्याने अस्थिव्यंगांसाठी रुग्णालय उभं केलं. मला या माणसाविषयी फार माया वाटते. त्याने दुसऱ्यांना जे सांगितलं ते आधी स्वतःच्या टाचेवर घेतलेलं होतं. मुलीने माझ्याऐवजी त्याला विचारलं असतं, तर त्याने कोशातला अर्थ सांगितला नसता.

यश डोक्यात जातंच. श्ट्रोमायर यांच्या मागोमाग काही वर्षं युरोपात जे आखडलेलं दिसेल ते कापण्याची लाट आली. बर्लिनच्या डीफेनबाख यांनी १८३९ मध्ये तिरळ्या डोळ्याचा स्नायू कापून डोळा सरळ केला, ते योग्यच होतं आणि टिकलं. पण १८४१ मध्ये तोतरेपणा जावा म्हणून त्यांनी जिभेच्या मुळाशीही सुरी चालवली. पॅरिसमध्ये गेरँ यांनी वाकडा कणा सरळ करायला पाठीचे स्नायू कापले. ते सगळं चुकीचं होतं आणि त्याचा भार रुग्णांनी वाहिला. जिभेत अडखळणाऱ्या माणसाच्या तोंडात भूल न देता सुरी घालणं मला आजही वाचवत नाही.

आज या शब्दाचा वापर पुष्कळ ठिकाणी होतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायू आखडण्याचा विकार, असलेल्या मुलांच्या मांड्या एकमेकींत अडकतात तेव्हा जांघेतली कंडरा मोकळी करतात. खांद्यात बायसेप्सची झिजलेली दोरी सोडून देतात. कोपराच्या जुन्या दुखण्यात सुईने कंडरेला बारीक छिद्रं पाडून थांबलेली भरणी पुन्हा सुरू करतात, त्यालाही नाव टेनोटॉमीच. मोठ्या मुलांत घोडशीर आरपार कापून सोडण्यापेक्षा पायऱ्यांसारखी कापून, लांब करून शिवण्याकडे कल असतो. तान्ह्या बाळाचं शरीर नवी दोरी ज्या वेगाने विणतं तो वेग पुढे राहत नाही.

नातवाच्या पायांवर जी पद्धत वापरली ती इग्नासिओ पॉन्सेटी यांची. मिनोर्का बेटावर १९१४ मध्ये जन्मलेला, घड्याळजीचा मुलगा. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करून देश सोडावा लागलेला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात त्यांनी पाहिलं की लहानपणी मोठ्या शस्त्रक्रिया झालेले क्लबफुट पुढे ताठर आणि दुखरे होतात. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी प्लास्टर, एक छोटा काप आणि मग ब्रेस, म्हणजे पाय वळवून धरणारे जोडबूट, अशी रीत बसवली. १९६३ मध्ये लेख लिहिला. बहुसंख्य शल्यविशारद मोठ्या शस्त्रक्रियाच करत राहिले. १९९५ मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली. ७८ टक्क्यांचे पाय चांगले किंवा उत्तम होते. त्यानंतर मुलांच्या आईवडिलांनीच इंटरनेटवरून एकमेकांना सांगत ही रीत जगभर नेली. डॉक्टरांनी तीस वर्षं दुर्लक्ष केलेलं काम पालकांनी उचललं, ही गोष्ट मी मुलीला सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा थोडी सैल झाली.

त्या दिवशी आम्ही दाराबाहेर बसलो. आत जे झालं ते डॉक्टरांनी आधी समजावलं होतं. टाचेच्या वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर जागा बधिर करायची. मदतनीस पाऊल वर दाबून धरतो म्हणजे दोरी ताठ उभी राहते. आतल्या बाजूने बारीक पातं सरकवायचं. तिथे शेजारीच धमनी आणि मज्जातंतू आहेत, म्हणून हात जपून चालवायचा. मग पातं वळवून पुढून मागे कापायचं. दोरी तुटते तेव्हा हाताला 'टक्' असं जाणवतं आणि पाऊल एकदम पंधरा-वीस अंश वर येतं. टाका नाही. रक्ताचे एकदोन थेंब. लगेच नवं प्लास्टर, या वेळी तीन आठवड्यांसाठी.

बाळ रडलं, मग थांबलं. दार उघडलं तेव्हा मुलीने घड्याळ पाहिलं असावं, कारण ती म्हणाली, "एवढंच?"

तेव्हापासून माझ्या मनात बसलं आहे की टेनोटॉमी हा शब्द त्या दोन मिनिटांचा आहे. सुरीच्या बाजूने पाहणाऱ्याने तो ठेवला. कापणाऱ्याचं काम त्यात पूर्ण येतं, भरून काढणाऱ्याचं मुळीच येत नाही. दोरीभोवतीचं पातळ आवरण शाबूत राहतं, त्या नळीत आधी रक्त साकळतं, मग पेशी येतात, मऊ, अस्ताव्यस्त धागे टाकतात, आणि पुढे कित्येक महिने ते धागे ओढीच्या दिशेने रांगेत लागत राहतात. या सगळ्याला टेनोटॉमीच्या पोटात जागा नाही. युद्धात शत्रूच्या घोड्यांच्या मागच्या पायांच्या शिरा तोडत, तेही कंडरा कापणंच होतं. त्या कापाला आणि या कापाला शब्द एकच लागतो. वेगळे आहेत ते प्लास्टरचे तीन आठवडे. मी आयुष्यभर मुलांना शब्दांची फोड करायला शिकवलं आणि ते मला अजूनही प्रिय आहे, पण संमतीपत्र हातात घेऊन बसलेल्या आईला फोड पुरत नाही. पुढे काय होणार आणि किती दिवसांत, हे तिला त्याच वाक्यात हवं असतं.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. कातडी सुकलेली, सालपटं आलेली, पाय बारीक. टाच खाली. त्याच दिवशी ब्रेस लागला. दोन छोटे बूट, मधे दांडी, पावलं बाहेर वळवलेली. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पाय पुन्हा आत वळू नये म्हणून सगळ्यांत जास्त भिस्त याच्यावर, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

उरतो एक तास. संध्याकाळी मुलगी बूट सोडते आणि बाळ काही क्षण काहीच करत नाही, पाय अजून बांधलेलेच आहेत असं समजून. मग एकदम लाथा मारायला लागतं. त्यातल्या एका संध्याकाळी तिने मला जवळ बोलावलं, त्याची टाच माझ्या तळहातावर ठेवली आणि माझा अंगठा धरून टाचेच्या वर टेकवला. कापल्या दिवशी तिथे बोट बुडेल अशी खाच होती, असं डॉक्टर म्हणाले होते. मी अंगठा हलकेच खालीवर फिरवला. कातडीखाली बारीक, गोल, सलग असं काहीतरी लागलं. बाळाने पाऊल खाली दाबलं तशी ती दोरी माझ्या बोटाखाली सरकली.

"लागली?" मुलीने विचारलं.

"लागली," मी म्हटलं. बाळाने पाय माझ्या हातातून सोडवून घेतला.